हातातला घास अडवणारे भाऊसाहेब

"थांबा! आधी सांगा, याला कोरड्यास का म्हणतात?"

डबे उघडले की आमच्या बदनापूरच्या ऑफिसातले हेडक्लार्क भाऊसाहेब असा हात आडवा धरायचे. आता ते नाहीत, म्हणून बोलून घेतो. तुमच्याही ऑफिसात असा एखादा नमुना असेलच. पोटात कावळे ओरडतायत, घास हातात, आणि यांची परीक्षा सुरू! बरं, उत्तर दिलं तरी सुटका नाही. "कोरड्या भाकरीला लावून खायचं म्हणून कोरड्यास," असं कुणी म्हणालं की हे मान हलवणार. "बराबर. पण अर्धंच सांगितलं." की गेली वीस मिनिटं.

एकदा मी वैतागलो. "भाऊसाहेब, भाकरीचा पापड झाला. खाऊ द्या की!"

"खा ना. पण न्याहारी फारशीतून आली, नहार म्हंजे उपाशी पोट, एवढं ऐकून खा."

"मग आम्ही नहारच आहोत!" मी ओरडलो. त्यांनी ते कौतुकाने वहीत लिहून घेतलं. काय बोलावं अशा माणसाला! शब्दावरून वाद झाला तर हार मानणं त्यांना ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी शब्दकोश बगलेत मारून हजर.

माझी आई गेली तेव्हा ते टेंभुर्णीला मातीला आले होते. घरी परतल्यावर शेजाऱ्यांनी रीतीप्रमाणे पिठलं-भाकरी आणली. दुःखाच्या घरचा कडू घास. वडील आदल्या दिवसापासून अन्नाला शिवले नव्हते. त्यांना शुगर, उपाशी राहणं धोक्याचं. आम्ही विनवून विनवून थकलो. मला धडकी भरली होती, आता हेही हातचे जातात की काय.

तेवढ्यात भाऊसाहेब त्यांच्यासमोर येऊन बसले. "काका, याला कडू घास का म्हणतात, म्हाईत हाय? आधी पिठल्यात मेथ्या घालायचे."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. वाटलं, बखोट धरून बाहेर काढावं.

वडिलांनी मान वर केली. "कोन म्हन्लं मेथ्या? कडूलिंबाचा पाला चावायचे लोक. मंग घास."

"न्हाई काका, मेथ्याच."

"आरं, माझ्या बापाच्या वक्ताला मी सोता चावला! तू मला शिकवून राह्यला का?" वडील तावातावाने बोलत सुटले. बोलता बोलता त्यांनी भाकरी मोडली, पिठलं लावलं, तोंडात घातली. एक भाकरी संपली. भाऊसाहेबांनी हळूच दुसरी वाढली.

"बराबर हाय, काका," ते म्हणाले. "माझंच चुकलं."

कडूलिंबाच्या पाल्याची ही गोष्ट त्यांनीच आम्हाला डबे अडवून निदान दहा वेळा ऐकवली होती.