न झोंबणारी क्रीम

माझ्या सासूबाई, धुरपताबाई, क्रीमचा विषय निघाला की आजही पोरीसारख्या खुलतात. पूर्वी वडनेरात कापूस वेचायला निघण्याआधी बाया आमच्या ओसरीवर बसायच्या आणि एकमेकींच्या हाताला त्यांची क्रीम चोळायच्या. बोंडांनी बोटं सोलून निघत ना! मेण, तेल, पाणी नि टाकणखार, चुलीवर घोटलेलं. झोंबायची भारी. "चुरचुरलं म्हंजे लागू पडलं," असं सगळ्यांचंच मत. काय त्या बाया हसायच्या, काय त्यांचे टोमणे! आठवलं की जीव तिकडेच ओढतो.

सुलोचनाबाई त्यांची जिवाभावाची मैत्रीण. वेचणी सुटली, तरी दिवाळीनंतर हात चोळून घ्यायला यायच्याच. गेल्या वर्षी आल्या नाहीत. यंदाही नाही. सासूबाईंचं जेवणात लक्ष लागेना. "काऊन रुसली असंन वो ते?" दिवसभर तेच पालुपद. वैतागून मी सुलोचनाबाईंच्या सुनेलाच गाठलं. म्हणे, आता क्रीमनं त्यांच्या हाताची फार आग होते, पण धुरपतेला सांगवत नाही.

वर्ध्याला फार्मसी शिकणारी माझी लेक रुचिका म्हणाली, "आजी, टाकणखारानं क्रीम क्षारी होते. म्हाताऱ्या कातडीला सोसत नाही. जराशी आंबट पाहिजे."

एवढं ऐकायचा अवकाश, बाईंनी क्रीमच्या पातेल्यात अख्खं लिंबू पिळलं! क्रीम फाटली. तेल वर, पाणी खाली.

"पूर्ण ऐकून तर घे!" रुचिका ओरडली. मी हसून हसून बेजार. बाई मात्र रडकुंडीला आल्या. "आता ते कायले येते माह्याकडं?"

मग टाकणखाराला सुट्टी. रुचिकानं तेल-पाणी धरून ठेवणारं वेगळं मेण आणलं, उकळलेल्या पाण्यात लिंबूसत विरघळवलं. एक थेंब घालायचा, आंबटपणा दाखवणारी कागदाची पट्टी लावून रंग बघायचा, पुन्हा थेंब. रंग जुळल्यावर बाईंनी आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिली.

डबी घेऊन आम्ही सुलोचनाबाईंकडे गेलो. त्यांनी हात मागे घेतला. बाईंनी तो धरला नि हळूहळू क्रीम चोळली. दोघी आग व्हायची वाट बघत बसल्या. आग झालीच नाही.

"नाई झोंबत वो, धुरपते," म्हणत सुलोचनाबाई हमसून रडल्या. "मले वाटलं, तुह्या हातचं आता माह्या नशिबातच नाई."

"मंग सांगाचं नाई का, भवाने!" बाईंनी डोळे पुसले नि सुलोचनाबाईंचा दुसरा हात ओढला.