माय मेल्याशिवाय पुस्तक नाही

सरांनी माझ्या मायला भर सभागृहात मारलं. तेव्हा माय तिसऱ्या रांगेत बसून होती.

नागपुरातला एक प्रकाशन समारंभ. कोणाच्या तरी कवितासंग्रहाचा. मी व्यासपीठाच्या कडेला पुष्पगुच्छांचं तबक धरून उभी होते. सर म्हणजे प्रकाशक. शहरातल्या सदर भागात त्यांचं कार्यालय आहे. माझं आत्मकथन त्यांच्याकडे दोन वर्षांपासून पडून होतं. त्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, "आज मंचावरून तुझ्या पुस्तकाची घोषणा करतो." मी हरखून गेले. मायला गावाहून, खाप्याहून बोलावून घेतलं. ती ठेवणीतली साडी नेसून मिळेल त्या बसनं आली.

सरांनी मला मंचाच्या मध्यभागी बोलावलं. खांद्यावर हात ठेवला. माईकवर म्हणाले, "ही मुलगी बघा. खाप्याच्या बौद्ध वस्तीतली. हिची आई उपासमारीनं गेली. मरताना त्या माउलीनं हिच्या हातात लेखणी दिली. तो प्रसंग वाचला आणि मला रात्रभर झोप लागली नाही."

सभागृह चुकचुकलं. पुढच्या सोफ्यावरच्या एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. मग टाळ्या. मायसुद्धा टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं, लेकीचं कौतुक चाललंय. सगळे वाजवतात म्हणून ती वाजवत होती. बोललेलं तिच्यापर्यंत जरा उशिरा पोचलं आणि मग तिचे हात थांबले.

सरांनी माझ्या हातात एक पुष्पगुच्छ दिला. माझ्याच तबकातला.

कार्यक्रमानंतर आम्ही दोघी बाहेर टपरीवर चहा प्यायलो. मायनं चहा बशीत ओतला. मग म्हणाली,

"मी मेली कवा वं?"

मी मान खाली घातली.

"आन तेबी उपाशी? साऱ्या शाळेच्या पोराईले खाऊ घालते मी. मी उपाशी मेली?" तिला हसू आलं. आलं आणि गेलं. मग तिनं हळूच विचारलं, "तुनं तसं लिवलं का?"

"नाही वं माय."

"मंग त्यानं कुठं वाचलं?"

हा प्रश्न मला आधी सुचायला हवा होता. कारण माझ्या लिखाणात माय कुठंच मरत नाही. ती रडतसुद्धा नाही. ती भांडते, हसते, लोकांची नक्कल करते. ती शाळेत खिचडी शिजवते. सुरुवातीला काही आयाबाया म्हणाल्या, हिच्या हातचं आमची पोरं खाणार नाहीत. पोरांना बाहेर बसवून ठेवलं. माय भांडली नाही. तिनं फक्त पातेल्यावरचं झाकण काढलं आणि दार सताड उघडं ठेवलं. वास गेला बाहेर. पोरं आली आत. आया दारात उभ्या राहून हाका मारत राहिल्या. हे माझं सगळ्यात लाडकं प्रकरण. हे ज्यानं वाचलं असेल, त्याला माझ्या मायचं मरण सुचणं शक्य नाही.

तुम्ही मला विचारता, ताई, प्रकाशकाकडे कसं जायचं? नवी पोरं-पोरी विचारतात. फोन करतात, मेसेज करतात. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर बसते, रक्त-लघवीचे रिपोर्ट वाटते. माझं एकही पुस्तक नाही. तरी मला विचारतात, कारण सरांशी मी कशी भांडले हे बऱ्याच जणांना कळलंय. म्हणून सगळं सांगते.

परदेशात म्हणे लेखकाचे एजंट असतात. आपल्याकडे एजंट म्हटला की विम्याचा नाहीतर प्लॉटचा. पुस्तकाचा एजंट म्हणजे ओळख. कोणीतरी 'सर' लागतो. सर शब्द टाकतात, सर प्रस्तावना मिळवून देतात, सर सांगतात थांब. माझ्या बाबतीत ओळख करून देणारे सर आणि छापणारे सर एकच होते. मला वाटलं, चला, एक पायरी वाचली.

ते मला दीक्षाभूमीवर भेटले होते. तिथं पुस्तकांचे स्टॉल लागतात. माय दरवर्षी तिथून एक तरी पुस्तक घेते. तिला अक्षर जुळवून जुळवून वाचावं लागतं, पण घेते. मी लिहायला लागले तेव्हा एवढंच म्हणाली होती, "इथं तुह्यं पुस्तक मांडलेलं पाहाचं हाय मले." सरांचाही स्टॉल होता. ते समतेवर फार छान बोलायचे. आमच्या वस्तीत येऊन बोलले होते, जमिनीवर बसून जेवले होते. त्यांच्या पाया पडले नाही मी, आमच्यात पडत नाहीत, पण मनातून मानलं. बापाच्या जागी मानलं. बाप मला आठवत नाही, म्हणून ती जागा रिकामीच होती.

त्यांनी मला सल्ले दिले. सगळे पाळले. कागदाच्या एकाच बाजूला टाइप कर. समास मोठा सोड. सोबत परिचय दे, त्यात परिस्थिती लिही. मी लिहिलं, माय शाळेत खिचडी शिजवते. 'शिजवते' असं लिहिलं होतं. मूळ प्रत माझ्याकडेच दे, झेरॉक्स अस्पष्ट येते. दिली. टायपिंग बाहेरून करून घेतलं होतं, दुसरी प्रत माझ्याजवळ उरली नाही. दुसऱ्या कोणा प्रकाशकाकडे पाठवू नकोस, बरं दिसत नाही. नाही पाठवलं. घाई करू नकोस. नाही केली. आणि मधल्या काळात जरा प्रुफं तपासत जा, शिकशील. दर रविवारी तपासली. कार्यक्रम असला की खुर्च्या लावल्या, रांगोळी काढली, पाहुण्यांना पाणी दिलं. आवळा देऊन कोहळा काढतात म्हणतात. इथं तर आवळाही मिळाला नव्हता.

मध्ये मध्ये विचारायची, "सर, वाचून झालं का?" ते म्हणायचे, "वाचतोय. ताकद आहे." हा एक शब्द मी आठवडाभर पुरवून खायची.

त्या समारंभाची बातमी पेपरात आली. चारच ओळी. त्यात एक ओळ मायच्या मरणाची. मायचा फोन आला. शाळेतल्या मास्तरांनी तिला पेपर वाचून दाखवला होता. म्हणाली, "सारे हासून राहिले मले. माह्याच हातची खिचडी खाऊन मलेच श्रद्धांजली वाहून राहिले." मी म्हटलं, मी जाऊन विचारते. ती म्हणाली, "इचार. पण पुस्तक अडकवू नको बाप्पा माह्यासाठी." फोन ठेवल्यावर मी लॅबच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. सरांचा राग होताच. पण त्याहून जास्त हे लागलं की मायनं स्वतःचं जिवंत असणं माझ्या पुस्तकाच्या आड येऊ द्यायचं नाही असं ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेले. सर चांगल्या मूडमध्ये होते. मी उभ्यानंच विचारलं,

"सर, माझं लिखाण वाचलं ना तुम्ही?"

"दोनदा."

"माय त्यात मरत नाही सर. ती जिवंत आहे. त्या दिवशी तिसऱ्या रांगेत होती."

मला वाटलं, आता ओशाळतील. मला खरंच वाटलं. ते हसले.

"अरे बापरे! मग आधी नाही का सांगायचंस?"

म्हणजे माझी माय जिवंत आहे हे मी कळवायला हवं होतं. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "मग आहे तरी काय त्यात?"

दोन वर्षं. दोन वर्षांनी हा प्रश्न. तरी मी मूर्खासारखी सांगायला लागले. खिचडीचं सांगितलं, झाकणाचं सांगितलं. सांगताना मला माझंच आवडलं. सरांचा चेहरा पडत गेला.

"हे तर विनोदी झालं," ते म्हणाले. "हे बघ, मी एवढ्या लोकांसमोर बोललोय, पेपरात आलंय. तू एक प्रकरण घाल. आईच्या मरणाचं. आत्मकथनात तेवढी मोकळीक असते. हसण्याबिसण्याचं कमी कर. वाचकाला तुमच्याकडून वेदना हवी असते. लिहून दे, पुढच्या महिन्यात पुस्तक काढतो."

तुमच्याकडून.

माझ्याकडून नव्हे. तुमच्याकडून. दोन वर्षं मी त्या कार्यालयात 'आपली' होते. 'आपली लेखिका', 'आपल्या घरची'. आता एका शब्दात मी पुन्हा वस्तीत जाऊन पडले. शिवी देणारे मी पाहिलेत. शाळेत पाहिले, लॅबमध्ये पाहिले. शिवी देणाऱ्याचं एक बरं असतं, तो तुम्हाला आधी जवळ घेत नाही. सरांनी जवळ घेतलं होतं, म्हणून हा घाव आत गेला.

खोटं कशाला सांगू, मी विचार केला. पुढच्या महिन्यात पुस्तक. स्टॉलवर मांडलेलं. मायनंच तर सांगितलंय, अडकवू नको. एका प्रकरणाचा प्रश्न. तिथं उभ्या उभ्या माझ्या डोक्यात ते प्रकरण सुरू झालं. पहिलं वाक्यही सुचलं, आणि वाक्य चांगलं होतं. त्या चांगल्या वाक्यानं मी जेवढी घाबरले तेवढी सरांना कधी घाबरले नव्हते.

"माझे कागद परत द्या," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"माय मरणार नाही. कागद द्या."

मग सर खरे दिसले. कृतघ्न म्हणाले. एवढा मंच दिला म्हणाले. "नागपुरात तुला कोण छापतं ते बघतो," हेही म्हणाले. मी दारापाशी उभीच राहिले. शेवटी त्यांनी टायपिंग करणाऱ्या मुलीला हाक मारली. तिनं माझ्याकडे न बघता प्रिंटरजवळच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. रफ कागदांचा गठ्ठा. त्यात माझं लिखाण होतं. पाठकोऱ्या पानांवर दुसऱ्यांच्या पुस्तकांची प्रुफं काढली होती. खिचडीच्या पानामागे कोणाची तरी गझल. काही पानं गेलीच होती. कागदाच्या एकाच बाजूला टाइप कर, हे मला का सांगितलं होतं, ते त्या दिवशी कळलं.

जमिनीवर बसून मी एकेक पान वेचलं. कोणी मदत केली नाही. मला नकोच होती.

तर प्रकाशकाकडे कसं जायचं? ताठ जायचं. मूळ प्रत कोणाच्या बापाला द्यायची नाही. आपल्याजवळ दोन प्रती ठेवायच्या. दिलेल्या कागदांची पोच मागायची, तोंडी नाही, लेखी. एका वेळी चार ठिकाणी पाठवायचं आणि चौघांनाही तसं सांगायचं. यात वाईट दिसण्यासारखं काही नाही, ते पण एका वेळी चाळीस लेखकांना झुलवत असतात. परिचयात घरचं दारिद्र्य लिहायचं नाही. पुस्तक कशाबद्दल आहे ते लिहायचं. फुकट प्रुफं तपासायची नाहीत. करार वाचल्याशिवाय सही नाही, आणि करारच नसेल तर पुस्तकही नाही. कोणी 'ताकद आहे' म्हणालं की विचारायचं, कोणत्या पानावर? आवाज चढवायचा नाही, नुसतं विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत जागचं हलायचं नाही. ज्यानं वाचलंय तो पान सांगतो. ज्यानं वाचलं नाही तो तुमच्या खांद्यावर हात ठेवतो.

गेलेली पानं मी आठवून पुन्हा लिहिली. नागपूरबाहेर पाठवलं. एका ठिकाणाहून नकार आला, दोन ओळींचा, पण त्यात माझ्या मायचं नाव बरोबर लिहिलं होतं. एकानं अजून उत्तर दिलं नाही. एकानं विचारलं, यात संघर्ष कुठे आहे? मी त्याला उत्तर दिलं नाही. सर अजूनही मंचावर बोलतात. आता दुसरी एक मुलगी तबक धरते. मी तिला गाठून हे सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. माझाही बसला नसता.

माय मला दर फोनला विचारते, "निंघालं का वं पुस्तक?" मी सांगते, नाही. ती म्हणते, "माह्याच्यानं अडलं." मी सांगते, हो, तुझ्याच्यानं अडलं, आणि अडू दे. पुस्तक निघालं तर ती त्यात हसत निघेल. नाही निघालं तर कागद माझ्या घरात राहतील. पण मायला मारून मी लेखिका होणार नाही. ज्यांना आमच्या घरातलं एक तरी मढं पाहिल्याशिवाय आमचं पुस्तक वाचवत नाही, त्यांच्यासाठी मी लिहीतच नाही.