शून्याच्या रकान्यातली मुलं

मी चौथीपर्यंत शिकले आणि पंचवीस वर्षं सुईणपण केलं. घोड नदीकाठचं आमचं गाव आणि कालव्यापलीकडची माळावरची वस्ती, इथं जन्मलेल्या बहुतेकांची नाळ मी कापली. त्यामुळे बाळंतपणातलं मला कुणी काही शिकवेल असं वाटत नव्हतं.

रांजणगावला कारखान्यांचे पत्रे नुकते चढत होते, त्या सुमारास विद्यापीठात शिकणारी एक मुलगी आमच्याकडे राहायला आली. दीड महिन्यासाठी. उपकेंद्राच्या नर्सबाईंनी तिला माझ्याकडे धाडलं, कारण माझी एक खोली रिकामी होती आणि मला सगळी घरं ठाऊक होती. बावीस-तेवीसची असेल. चष्मा लावायची, भाकरी उलटताना हात भाजून घ्यायची.

"डाक्टर होणार का?" मी विचारलं.

"नाही मावशी. आकडेवारी शिकतेय. कुठल्या घरात आजारपण जास्त, कुठल्या घरातली मुलं जास्त जातात, आणि सगळीकडे सारखं का नाही, हे मोजायचं."

"त्याला कालेज लागतं व्हय? मला इचार की."

ती हसली आणि कामाला लागली. गावातल्या आणि वस्तीवरच्या प्रत्येक घराला तिनं वहीत क्रमांक दिला. मग एक पुस्तक काढलं. पानंच्या पानं नुसते आकडे, काही संगती नाही. डोळे मिटून पानावर पेन्सिल टेकवायची आणि तिथून पुढे जे क्रमांक येतील ती घरं घ्यायची. अशी पन्नास घरं निघाली. माझं निघालं. माजी सरपंचांचं निघालं नाही, ते संध्याकाळी दारात हजर.

"आमचं घर गावात न्हाई का?"

"आहे ना आप्पा, पण तुमचा क्रमांक निघाला नाही."

"मग पुन्यांदा काढा."

"तसं करता येत नाही. मनासारखी घरं घेतली तर सगळं फुकट जाईल."

"आजारपणाचा बी लकी डरॉ निघाला म्हणायचा," आप्पा म्हणाले आणि माझ्याकडे चहा पिऊन गेले.

पन्नासातली पंधराएक घरं कालव्यापलीकडची निघाली. ती माणसं पूर्वी मेंढरं घेऊन फिरायची, आता माळावर जिरायत करायची. मी मुलीला म्हणाले, ती लांबची सोड, गावातली धर. ती म्हणाली, "जी निघाली तीच." आणि भर उन्हात चालू लागली. मी कुरकुरत मागोमाग गेले.

प्रत्येक घरी तोच प्रश्न. मुलं किती झाली? बाई सांगायची, दोन. एखादं दगावलं? बाई उंबऱ्यात बसलेल्या सासूकडे बघायची आणि म्हणायची, न्हाई. मुलगी रकान्यात शून्य घालायची.

खरं काय ते मला माहीत होतं. आमच्याकडे बारशाआधी गेलेलं मूल मोजत नाहीत. त्याला नाव नसतं. माती दिली की विषय संपतो. म्हणजे बाई तिच्या हिशेबानं खोटं बोलत नव्हती. मी मात्र मागे बसून सुपारी कातरत होते आणि गप्प होते. ती गोष्ट उंबऱ्यात काढणं अभद्र, हे एक कारण. दुसरं आणि खरं कारण असं की, त्यातली किती पोरं सुईणीच्या हातून गेली हे कुणी विचारलेलं मला नको होतं. माझा फॉर्म भरताना मी तीन सांगितली आणि चूल फुंकत बसले.

महिनाभरानं तिच्या मॅडम आल्या. त्यांचे बाकीचे विद्यार्थी दौंडकडच्या गावांत होते, तिकडून त्या आल्या. ओसरीवर सतरंजी टाकली, पन्नास फॉर्म मांडले. त्या एकेक फॉर्म चाळू लागल्या.

"हे तू घरोघर जाऊन भरलंस की झाडाखाली बसून?"

मुलीचा चेहरा उतरला. "गेले होते मॅडम. सगळीकडे गेले होते."

"पन्नास घरं, एवढी बाळंतपणं, आणि गेलेलं मूल एकही नाही. असं कुठंच होत नाही. मोठ्या दवाखान्यांच्या शहरातही होत नाही. हे बसून लिहिलेलं असेल तर मी तुला पास करू शकत नाही. वर्ष जाईल."

त्यांनी एक फॉर्म उचलला. "ही बाई बघ. थोरली नऊ वर्षांची, धाकटा दोन वर्षांचा. मधल्या सात वर्षांत काय झालं?" मग दुसरा उचलला. "इथं पाच वर्षं मोकळी."

माझा अडकित्ता थांबला. पहिली बाई चावडीमागची. त्या सात वर्षांत मी तिची नाळ दोनदा कापली होती आणि दोन्ही पोरं आठवड्याच्या आत गेली होती. दुसरीचं एक गेलं होतं. मॅडमनी त्या बाया पाहिल्या नव्हत्या. गावात त्या पहिल्यांदा आल्या होत्या. कागदावर बोट ठेवत होत्या आणि ते बरोबर गेलेल्या पोरावर पडत होतं. मी देवऋषी पाहिलेत, अंगात आलेल्या बायाही पाहिल्यात. ते समोरच्याचं तोंड बघून बोलतात. इथं समोर तोंडच नव्हतं, नुसती वयं लिहिलेली होती.

मुलगी रडत होती. मला रडणाऱ्या बाया आवडत नाहीत, पण ती उन्हातान्हात चालली होती हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"पोरीनं खोटं लिव्हलं न्हाई," मी म्हणाले. "सांगणाऱ्यांनी दडवलं. माझा बी फारम हाय त्यात, काढा. तीन लिव्हलीत ना? मला पाच झाली."

मग बारशाचं सगळं सांगितलं. मॅडम नीट ऐकत होत्या. म्हणाल्या, "मग कसं विचारायचं मावशी? तुम्हीच सांगा."

"पोरं इचारू नका. नाळ इचारा. सुईणीनं किती खेपंला नाळ कापली म्हणावं. ते बाई इसरत न्हाई. आन् सासवांना मी वट्यावर घेऊन बसते, पानसुपारी देऊन."

त्यांनी माझं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं आणि मुलीला दहा दिवस वाढवून दिले.

आम्ही पुन्हा पन्नास घरं फिरलो. मी बाहेर सासवांशी बोलत बसायची, आतलं कानावर यायचं. माळावरच्या एका बाईनं बोटाची पेरं मोजून सांगितलं, "पाच खेपा."

"मग मागच्या वेळी दोनच का सांगितलं?"

"तवा तुमी पोरं इचारली व्हती की."

मॅडम परत आल्या तेव्हा मुलीनं गावाचा नकाशा काढून ठेवला होता. गेलेल्या प्रत्येक मुलाचा तांबडा ठिपका त्या त्या घरावर दिला होता. कालव्याच्या अलीकडे ठिपके विरळ होते. पलीकडे घरं थोडी आणि ठिपके दाट.

मला जे विचारायचं होतं ते मी विचारून टाकलं. "ही माझ्या हातानं गेली का?"

"काही गेली असतील," मॅडम म्हणाल्या. त्या गोड बोलल्या नाहीत, ते मला आवडलं. "पण दोष नुसता हातांचा असता तर ठिपके दोन्हीकडे सारखेच पडले असते. हात तर तेच होते ना? तिकडे वेगळं काय होतं?"

मी नकाशा बघत राहिले. कालव्याला पाणी असलं की पुलावरनं वळसा पडायचा. मी पोचेपर्यंत बाई मोकळी झालेली असायची. गावातली अडलेली बाई गाडीनं शिरूरला जायची, तिकडची बैलगाडीत रस्त्यापर्यंत यायची. पंचवीस वर्षं मीच तो वळसा चालले होते. मेंढरांवाल्यांच्या रक्तातच खोट, म्हणून त्यांची पोरं टिकत नाहीत, असं मी स्वतः लोकांना सांगायची. एका कागदानं मला ते खोटं ठरवून दाखवलं.

मॅडम एकेक फॉर्म तपासून सही करू लागल्या. माझा आला. मुलीनं तीनचे पाच केले होते, पण दोघांच्या नावाच्या जागी नुसती रेघ होती.

"नाव न्हाई त्यास्नी," मी म्हणाले. "चालंल का?"

"चालतं. एकाला एकच धरतात, नाव असो नसो. सरपंचाच्या घरचं असलं तरी एकच."

त्यांनी खाली सही केली आणि पुढचा फॉर्म घेतला.