राठोड कंडक्टरची वेबसाइट

राठोड कंडक्टरना कुठलीही नवी गोष्ट सांगितली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. ‘ते राहते कुठं?’ ती वस्तू काय आहे, कशी चालते, हे सगळं नंतर. नातवानं मोबाइलवर क्रिकेटची मॅच दाखवली तरी हेच, आणि माझ्या दुकानात कुणी ‘क्लाऊड’ म्हणालं तरी हेच. उभा जन्म एसटीत ‘कुठं जायचं?’ विचारण्यात गेलेला माणूस. रिटायर झाल्यावर प्रश्न थोडा बदलला, एवढंच.

माझं दुकान सेनगावजवळच्या गोरेगावात, जिथून तिकडच्या जीपा सुटतात त्याच्या समोर. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि त्या काळात वेबसाइटसुद्धा. दोन शाळा, एक खताचं दुकान आणि एक मंगल कार्यालय एवढी माझी वेबसाइटची गिऱ्हाइकं. डोमेन, होस्टिंग, सर्व्हर, बँडविड्थ हे शब्द मी मोठ्या आवाजात वापरायचो. न कळणारा शब्द ऐकला की समोरचा माणूस गप्प बसतो आणि वर ‘सर’ म्हणतो, हे मला लवकर कळलं होतं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं यातूनच झालं.

राठोडकाका गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावर राहत. ते दुकानात आले ते एक साधा फोन घेऊन. त्यांची बायको मंगलीबाई तांड्यावरची नावाजलेली ढावलो म्हणणारी. लग्नात नवरी एकेकाच्या गळ्यात पडते आणि सुरात रडते, त्या रडण्याच्या गाण्याला ढावलो म्हणतात. ते कुणाला आपोआप येत नाही. लग्नाआधी म्हाताऱ्या बाया नवरीला बसवून शिकवतात. मंगलीबाईंनी कितीतरी पोरींना रडायला शिकवलं होतं. त्या गेल्या त्याच्या आदल्या वर्षी काकांनी त्यांचे ढावलो फोनमध्ये भरून घेतले होते. नातवंडं पुण्याला, त्यांना तिकडं ऐकता यावं म्हणून वेबसाइट पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

मी नेहमीप्रमाणे शब्द काढले. पण हा माणूस गप्प बसेना.

‘सर, वेबसाइट राहते कुठं?’

‘सर्व्हरवर.’

‘सर्व्हर राहते कुठं?’

‘असेल मुंबईला. नाहीतर परदेशात.’

‘मंजी तुमाला बी न्हाई माहीत,’ असं ते शांतपणे म्हणाले, आणि झेरॉक्सला आलेली माणसं हसली.

मग मी जे काय सांगितलं, ते त्यांनी आपल्या खात्यात लावून घेतलं. डोमेन म्हणजे गाडीच्या कपाळावरची पाटी. सर्व्हर म्हणजे डेपो, आणि होस्टिंग म्हणजे त्या डेपोत आपल्या गाडीला मिळालेली जागा. आपण नाव टाइप करतो तेव्हा ते नाव कुठल्या डेपोत आहे हे मधेच एक यंत्रणा सांगते, तर ती झाली चौकशीची खिडकी. बॅकअप म्हणजे स्टेपनी. ‘आता बराबर,’ असं म्हणून त्यांनी मान डोलावली. ‘सर, तुमी शिकवता चांगलं, पण आधी घाबरवून राहता माणसाला.’

वेबसाइट झाली, ढावलो तिच्यावर चढले. एक गोष्ट मात्र त्यांच्या डोक्यात चुकीची बसली. वेबसाइटवरचं गाणं डाउनलोड करून घरी नेलं की तिथली जागा रिकामी होते, असं त्यांनी धरलं. ‘एक माणूस दोन गावी कसा राहील?’ म्हणून पुण्याच्या नातवंडांना त्यांनी ताकीदच दिली: रोज ऐका, पण काढून घेऊ नका, आजीला तिथंच राहू द्या. हे मला त्यांनीच मोठ्या समाधानानं सांगितलं. मी चूक दुरुस्त केली नाही. वर कितीतरी दिवस दुकानात आलेल्यांना तो किस्सा हसत हसत सांगत राहिलो.

संध्याकाळी कधी जीप सुटायला वेळ असला की ते बाकावर बसून नोकरीच्या गोष्टी सांगत. त्यातली वारंगा फाट्याची गोष्ट त्यांची आवडती. गाडी बंद पडून रद्द झाली की फाट्यावरचा चहावाला लोकांना ‘येऊन राहिली, येऊन राहिली’ म्हणायचा, कारण त्याचा चहा खपायचा. राठोड कंडक्टर तिथं असले तर दगडावर उभे राहून ओरडायचे, गाडी रद्द हाय, आपापलं बघा. लोक त्यांनाच शिव्या द्यायचे. ‘देऊ द्या,’ ते म्हणत. ‘रद्द कळलं तर माणूस दुसरा रस्ता धरते. ट्रकात बसंल, पायी जाईल. येऊन राहिली म्हणून बसवून ठेवलं, तर त्याचे समदेच रस्ते बंद.’

पुढं मी होस्टिंगची कंपनी बदलायचं ठरवलं. जुनीत तकलीफ फार होती. एकेक करून सगळ्या वेबसाइट नव्या जागी हलवल्या. काकांची राहिली. आवाजाच्या फाइली जड, आमचं नेट रडतखडत चालणारं; करू निवांत, असं म्हणत राहिलो. जुन्या कंपनीचं खातं माझ्याच नावावर होतं, त्यामुळं मुदत संपत आल्याचे मेल मलाच येत होते. मी ते पाहिले. एकही सुटला नाही. ते मेल माझ्या नजरेतून सुटले असं मी आजवर स्वतःलासुद्धा सांगत आलो आहे, आणि ते खोटं आहे.

खातं बंद झालं. फोन केला तर कंपनीवाला म्हणाला, साफ झालं, काही उरलं नाही. बॅकअप? तो मी त्याच खात्यात ठेवला होता. स्टेपनी गाडीतच, आणि गाडीच जळाली. काकांचा फोन तोवर भंगारात गेला होता. पुण्याच्या पोरांनी आजोबांचा शब्द पाळला होता. एकाही फोनमध्ये एकही गाणं नव्हतं.

चार-दोन दिवसांत काका आले. ‘सर, लागून न्हाई राहिलं.’

मी स्क्रीनकडं बघत म्हणालो, ‘सर्व्हर डाऊन आहे.’

त्यांनी विचारलं, कधी होईल. मी म्हणालो, होईल. डेपोचं काम म्हणजे वेळ लागणारच, असं म्हणून ते उठले. माझ्यावर विश्वास ठेवायला त्यांना माझ्याच शिकवणीनं मदत केली.

दिवाळीनंतर नातीचं, पूनमचं, लग्न ठरलं. तिनं हट्ट धरला होता की ढावलो आजीचाच शिकणार. सेनगावकडच्या एका तांड्यावर जमनीबाई म्हणून मंगलीबाईंची जोडीदारीण होती. दोघींनी कितीतरी लग्नांत बरोबर म्हटलेलं. ती म्हणत होती, मी येते, पोरीला शिकवते. काकांनी मला विचारलं, म्हातारीला थंडीत कशाला तरास द्यायचा, आपलं लग्नाच्या आधी चालू होईल ना?

दुकानात त्या वेळी कुणी नव्हतं. खरं सांगायला मला अडवणारं कुणी नव्हतं. मी म्हणालो, ‘होऊन जाईल, काका.’

जमनीबाई त्याच हिवाळ्यात गेली.

लग्नाला मी गेलो. न जाणं दिसलं असतं. पूनम एकेकाच्या गळ्यात पडत होती. पोरगी रडत होती, मनापासून रडत होती, पण त्याला सूर नव्हता. बायांनी एखादी ओळ उचलली, पुढची कुणाला येईना, तिथंच सोडली. डीजेवाला ताटकळला होता. काका मंडवाच्या खांबाला धरून उभे होते आणि पोरीकडं न बघता तिच्या तोंडून काहीतरी ऐकू येण्याची वाट बघत होते. मी जेवलो आणि कुणाला न भेटता निघालो.

आठवड्याभरानं ते दुकानात आले. गिऱ्हाईक होतं म्हणून बाकावर बसून राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, ‘सर, गाडी रद्दच झालती ना?’

मी मान हलवली.

‘कधी?’

‘दिवाळीच्या आधी.’

त्यांनी समोरच्या जीपांकडं बघितलं. मग म्हणाले, ‘मंजी जमनी व्हती तवा.’

पिशवी घेतली आणि गेले. पुढंही ते येत राहिले, हयातीचा दाखला, आधारचं काहीतरी. तसेच बोलायचे, ‘सर’च म्हणायचे. फक्त माझ्या दुकानात त्यांनी पुन्हा कुठल्याच गोष्टीबद्दल ‘ते राहते कुठं’ म्हणून विचारलं नाही.

गेल्या पावसाळ्यात काका वारले. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर भेटायला गेलो. त्यांच्या मुलानं, संजयनं, अंगणात सतरंजी टाकली, चहा ठेवायला सांगितला. पूनम आली होती, कडेवर लेकरू. बोलता बोलता संजय म्हणाला, ‘सर, एक विचारायचं व्हतं. त्या याडीच्या, आमच्या आईच्या, गाण्याचं कुठवर आलं? बापू सांगायचे, सर्व्हर डाऊन हाय, सर करून राहिले. आमी कितींदा म्हणलं, विचारून येतो. तर म्हणायचे, सरांच्या मागं लागू नका, येऊन राहिलं ते.’

फाट्यावर दगडावर उभा राहून लोकांच्या शिव्या खाणारा माणूस माझ्यासाठी घरात, आपल्या लेकरांना, ‘येऊन राहिलं’ म्हणत होता.

मी म्हणालो, ‘संजय, ते येणार नाही. लग्नाच्या आधीच गेलं. मेल येत होते, मी लक्ष दिलं नाही, आणि वर खोटं बोललो.’

पूनमनं लेकराला खाली ठेवलं. ‘आजोबांना माहीत होतं?’

‘होतं,’ मी म्हणालो.

ती आत गेली. चुलीवरच्या चहाचा वास अंगणात येत होता. चहा कुणी बाहेर आणला नाही, आणि थोड्या वेळानं मी उठलो.