ओवी खंय गावली?

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कणकवलीच्या कॉलेजात तिसरा तास घेत होतो. हातातला श्लोक पूर्ण शिकवला, मग निघालो. तेव्हापासून मालवणात जो भेटतो तो दादाचा एक किस्सा देऊन जातो. आता सगळे डोक्यात मावेनात, म्हणून लिहितोय.

\*

दादा, माझा थोरला भाऊ, होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. शिक्षण सातवी. संध्याकाळी गॅरेजमध्येच पोथी. रोज एकच ओवी, आणि अर्थ सांगायला बंदी! दुसऱ्या दिवशी दादा जमलेल्या प्रत्येकाला विचारणार, "कालची ओवी खंय गावली?" दिवसभरात ती स्वतःच्या आत कुठे भेटली, तेवढंच सांगायचं.

मी संस्कृतचा प्राध्यापक. पहिल्याच दिवशी आत्मस्वरूपावर पंधरा मिनिटं बोललो.

दादा म्हणाला, "बरा बोललस. पण ह्या पुस्तकात गावला. तुझ्यात खंय?"

त्यानंतर मी नुसता ऐकायला बसू लागलो.

\*

ऐन सीझनमध्ये एका ट्रॉलरवाल्याचं इंजिन अडखळायला लागलं. तो गॅरेजात येऊन ओरड ओरड ओरडला. दादा इंजिनाला कान लावून बसलेला. शेवटी मान वर केली.

"जरा गप रव रे. तुझोच आवाज येता, इंजिनाचो येणा नाय!"

दुसऱ्या संध्याकाळी ट्रॉलरवाला पोथीला हजर!

\*

खरं युद्ध आपल्या आतच चालतं, अशी एक ओवी होती. पोथीला येणाऱ्या बापूचं चुलतभावाशी हद्दीवरून जुनं भांडण. बापू म्हणाला, "माका माडाखाली गावली. माझे नारळ त्येच्या अंगणात पडले. उचलूक गेलंय नाय!"

"शाबास!"

"पण मोजून इलंय. चार होते!"

\*

डॉक्टरांनी दादाचा रिपोर्ट समोर ठेवला. "दोन-चार महिने," म्हणाले. दादाने त्यांच्या दमलेल्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि शुद्ध मराठीत विचारलं, "डॉक्टर, तुम्ही जेवलात का?"

हा माझा भाऊ, हे मी बाहेर रिसेप्शनवर उगाच दोनदा सांगितलं.

\*

बारावं झाल्यावर सगळे गॅरेजात जमले. विचारणार कोण? बापू म्हणाला, "आता बंदच करूया."

वीस वर्षं चहा ठेवून आत जाणारी वहिनी दादाच्या स्टुलावर येऊन बसली.

"त्येंनी वाचलेली शेवटची ओवी, 'उपजे तें नाशे'. माका आज गावली. सकाळी चायचे दोन कप काढलंय. एक परत ठेवलंय."

मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"भावोजी, तुमका खंय गावली?"

त्या रात्री मी हे लिहायला बसलो.