मानाचा नारळ

सातपूरच्या त्या कारखान्यात दसऱ्याचा नारळ गोरक्षमामांनीच फोडायचा, असा रिवाज होता. मखमलाबादच्या आपल्या मळ्यातला झेंडू ते पाटी भरून आणायचे, मशिनींना माळा घातल्या की मालक त्यांच्या हातात नारळ द्यायचा, आणि एका फटक्यात नारळ दोन! वर्षभर लेथवर तेलकट होणाऱ्या माणसाला तेवढाच मान. पण मानाचा पाट मांडला की आपल्याकडे भलेभले अक्कल चपलांसोबत बाहेर ठेवतात.

मंदी आली, ऑर्डरी आटल्या. शंभरावर कामगार असले तर सरकारच्या परवानगीशिवाय कारखाना बंद करता येत नाही, हा कायदाच काय तो कामगारांचा आधार होता. तो सैल करायची भाषा दिल्लीत चालू होती, पण मालकाला तेवढाही दम निघेना. एका सकाळी शेडच्या मधोमध पांढऱ्या फक्कीची रेघ ओढली गेली. मॅनेजर ललितसाहेब म्हणाले, नवी कंपनी काढतोय, मधे भिंत घालायची आहे आणि पायाचा नारळ मामांच्याच हातचा हवा.

युनियनचा कारभारी शंकेखोर. धंदा बसलेला असताना नवी कंपनी कसली, असं त्यानं मामांना बाजूला घेऊन विचारलं. मामा चिडले.

"चांगल्या कामात आडवं बोलू नाय. साहेब आपल्याला इचारून करतोय, आपला माणूस हाय तो."

मामांनी नारळ फोडला. त्यांच्या शब्दावर निम्म्या कामगारांनी नव्या कंपनीची कार्डं घेतली. साहेबांनी हात जोडलेत आणि मामा नारळ उगारून उभे आहेत, असा फोटो साहेबांनीच काढवून दिला. मामांनी तो फ्रेम करून घरात लावला. केसानं गळा कापणारा माणूस फोटोसुद्धा किती छान काढवून देतो!

आता भिंतीच्या अलीकडे साठ माणसं, पलीकडे साठ. शंभर कुठंच नाहीत. पुढचा दसरा यायच्या आत दोन्ही फाटकांना कुलपं लागली, आणि सरकारला विचारायची गरजच उरली नव्हती.

कामगार कोर्टात गेले. दोन्ही कंपन्या वेगळ्या आहेत आणि हे कामगारांच्या संमतीनं झालंय, असं मालकाचा वकील म्हणाला. मग त्यानं तोच फोटो पुढं ठेवला आणि अगदी गोड आवाजात मामांना विचारलं, नारळ तुम्हीच फोडला ना? मामांना सांगायचं होतं की मालक एकच, मीटर एकच, माल एकाच टेम्पोतून जायचा. वकील म्हणाला, हो की नाही तेवढंच सांगा.

"मीच फोडला."

मागे बसलेल्या कारभाऱ्यानं मान खाली घातली. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं. कामगार केस हरले. कारभारी कुठल्याशा सोसायटीत वॉचमन झाला आणि मामा मळ्यात परतले.

पुढं कितीतरी वर्षांनी मळ्यात नवी मोटर बसवली. दसऱ्याला लंकाबाईनं तिला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि नवऱ्यापुढं नारळ धरला. मामा म्हणाले, तूच फोड. ती दचकली. बाईमाणसानं नारळ फोडायचा नसतो, असं तिचं म्हणणं.

"माझ्या हातच्या नारळानं एकशेवीस चुली इझल्या," मामा म्हणाले. "तू फोड."

लंकाबाईला तो तिसऱ्या फटक्याला फुटला. तिनं दिलेला खोबऱ्याचा तुकडा मामांनी घेतला, पण तोंडात घातला नाही.