कोरसच्या डब्याची पूजा

माझ्या थोरल्या भावाची ऑर्केस्ट्रातली जागा मी बनवलेल्या एका लोखंडी डब्यावर अवलंबून होती, आणि जत्रेच्या दिवशी सकाळी तो डबा बंद पडला.

दादा पहाटे डेअरीचा दुधाचा टेम्पो चालवतो आणि हंगामात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. दहावीनंतर त्याने शाळा सोडली आणि टेम्पो धरला. गारगोटीजवळच्या आमच्या गावातून मी चार वर्षं त्याच टेम्पोत, त्याच्या शेजारी बसून, कोल्हापूरला कॉलेजला गेलो. अंगाला दुधाचा वास येतो म्हणून मला लाज वाटायची. आता त्या लाजेची लाज वाटते. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. सध्या कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्त करतो.

दादाकडे एक जुनं कोरस पेडल होतं. गिटार आणि स्पीकर यांच्यामध्ये जोडायचं, पायाने दाबायचं, की एका गिटारचा आवाज दोन गिटारींसारखा भरून येतो. शाळेत प्रार्थनेला सगळा वर्ग एकच ओळ म्हणायचा, पण कोणी केसभर पुढे, कोणी केसभर मागे. त्यामुळे आवाज रुंद व्हायचा. पेडल तेच करतं. मूळ आवाजाची एक नक्कल किंचित उशिरा सोडतं आणि तो उशीर सतत कमी-जास्त करत राहतं.

ते पेडल कायमचं बिघडलं आणि दादाची गिटार कोरडी पडली. ऑर्केस्ट्राच्या मालकांना सगळे मास्तर म्हणतात. तालमीला मी सोबत गेलो होतो, तेव्हा ते माझ्यादेखत दादाला म्हणाले, "आता कीबोर्डात समदं हाय. बटन दाबलं की गिटार वाजतंय. तुजी ही वाळल्याली गिटार कोण ऐकणार रं?"

दादा गिटारीची वायर गुंडाळायला लागला. मास्तर माझ्याकडे वळले. "पावणं, तुमी इंजिनेर न्हवं? मग बनवा की."

"बनवतो," मी म्हणालो. इतक्या लवकर म्हणालो की मलाच भीती वाटली.

"जत्रंपतूर बगू. वाजलं तर वाजलं. न्हाय तर ह्याचं काम कायमचं कीबोर्डवाल्याकडं."

नेटवरून सर्किटचा नकाशा घेतला. आवाजाला उशीर लावणारी चिप मागवली, ती पंधरा दिवसांनी आली. बाकीचे भाग शाहूपुरीतल्या दुकानांतून आणले. डबा म्हणून वायरिंगच्या दुकानातला लोखंडी बॉक्स घेतला. पहिल्यांदा जोडलं तेव्हा स्पीकरमधून घड्याळासारखी टिकटिक यायला लागली. आठवडाभर ती टिकटिक कामावरसुद्धा माझ्या कानात होती. गिऱ्हाइकाच्या काट्याचे आकडे बघताना मनात एकच हिशेब चालायचा, जत्रेला दिवस किती उरले. शेवटी अर्थिंगची एक वायर दुसरीकडून फिरवली आणि टिकटिक थांबली. डब्यावरचा लाल दिवा संथपणे उजळायचा, मंदावायचा. उशीर बदलणारा भाग चालू आहे, याची ती खूण.

शुक्रवारी संध्याकाळी डबा घेऊन गावी गेलो. दादाने वाजवून पाहिलं आणि नुसता हसला. मला तेवढं पुष्कळ होतं.

हंगामाच्या पहिल्या कार्यक्रमाआधी आमच्याकडे वाद्याची पूजा होते. आईने पाटावर गिटार ठेवली, शेजारी माझा डबा. गिटारीला हळदकुंकू लावलं आणि डब्यापाशी तिचा हात थांबला.

"ह्यात तू केल्यालं काय हाय?"

"आतलं सगळं मीच केलंय. डबा तेवढा विकतचा."

"मग पत्र्याची पूजा करून काय उपेग? उघड की."

त्या वेळी नाही म्हणायला हवं होतं. पाण्याने काय होतं हे चार वर्षं शिकलो होतो. ओले काटे तर रोज उघडतो. पण आई माझ्या हातचं काम पहिल्यांदा बघत होती. मी स्वतः चारही स्क्रू काढले. तिने चिपांवर हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि त्याचं पाणी गिटारीवर शिंपडलं तसं डब्यातही शिंपडलं. मी फडक्याने वरवर पुसलं आणि झाकण लावलं.

जत्रेच्या दिवशी सकाळी दहाला दादाने पेडल दाबलं. गिटार कोरडीच. लाल दिवा पेटलेला, पण ढिम्म. ना मंद होत होता, ना उजळत होता.

मी सगळ्यांवर संशय घेतला. चिप नकली असेल म्हणून शिव्या दिल्या. दिवा मंद-उजळ करणारी चिप तिच्या खोबणीतून, म्हणजे सॉकेटमधून काढून दुसरी बसवली, फरक नाही. पुन्हा एकदा फडकं फिरवलं. स्पीकरकडे जाणाऱ्या वायरीला कपॅसिटर जोडून, ती सर्किटवर एकेका जागी टेकवून आवाज कुठवर पोचतोय ते ऐकलं. आवाज सगळीकडे पोचत होता, फक्त त्याच्यात हालचाल नव्हती. बारा वाजले. दादा दारात येऊन बघायचा, काही न विचारता परत जायचा. त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

एकच उरलं होतं, सगळे जोड पुन्हा तापवणं. सगळे भाग जिच्यावर बसवले होते ती सर्किटची पट्टी उलटी करून मी त्या खोबणीच्या पायाला सोल्डरिंग गन टेकवली. नेहमी सोल्डरमधल्या राळेचा वास येतो. या वेळी वेगळाच आला, फोडणीत हळद करपावी तसा.

हात तसाच थांबला. नारळाच्या पाण्याबरोबर हळदकुंकू खोबणीच्या खाली, पट्टीच्या भोकांतून मागपर्यंत उतरलं होतं. वरून पुसून ते निघणार नव्हतं. त्या ओल्या थरातून करंट नको तिकडे झिरपत होता.

दादाने गाडी काढून मेडिकलमधून स्पिरिट आणलं. मी खोबणी सोडवून काढली आणि जुन्या टूथब्रशने पट्टी घासायला बसलो. तेवढ्यात आई आली.

"काय घासाय लागलाईस?"

"धूळ गेलीय आत."

ती गेल्यावर दादा हळूच म्हणाला, "धूळ पिवळी असती व्हय रं?"

मी मान वर केली नाही. "झाकण मीच उघडलं, दादा."

"ठावं हाय. मी बी हुतोच की तितं. घास."

पट्टी उन्हात ठेवली आणि दोघंही तिच्याजवळ बसून राहिलो, वाळवणाला राखण बसावी तसे. अडीच वाजता खोबणी परत बसवून जोडणी केली. लाल दिवा थोडा वेळ थांबला, मग मंदावला, मग उजळला. दादाने वाजवून बघितलं नाही. "तितंच बगू," एवढंच म्हणाला.

कार्यक्रमाला मी स्टेजच्या बाजूला, पिशवीत सोल्डरिंग गन घेऊन उभा होतो. कोणती गाणी झाली ते मला सांगता येणार नाही. मी फक्त तो दिवा बघत होतो. चौथ्या गाण्यात गिटारीचा एकटीचा तुकडा होता. त्याआधी मास्तरांनी कीबोर्डवाल्याला खूण केली. त्याने गिटारचं बटण दाबलं आणि उजवा हात पट्ट्यांवर अधांतरी धरला. पेडल चाललं नाही तर तोच पुढे वाजवणार होता.

दादाने पाय ठेवला. पहिला सूर आला तो रुंद, दोन गिटारींचा. मी दुसऱ्या सुराची वाट बघत होतो, मग तिसऱ्याची. मास्तर डोकं तिरकं करून ऐकत होते. मग त्यांनी कीबोर्डवाल्याकडे न बघताच तळहात खाली दाबला.

कीबोर्डवाल्याने हात काढून मांडीवर ठेवला. तुकडा संपेपर्यंत मी त्या हाताकडेच बघत होतो.